आक्का आणि पुसलेलं लग्न

कुणाचाही कॉम्प्युटर घरात आला की आक्का आधी मशीनकडं बघायच्याच नाहीत. मालकाला समोरच्या स्टुलावर बसवायच्या, स्वतः खुर्चीत नीट टेकायच्या, पदरानं चष्मा पुसायच्या आणि विचारायच्या, "बोला. काय ठेवायचं?"

माणूस गोंधळायचा. मशीन अडकतंय, व्हायरस शिरलाय, चालू व्हायला पाऊण तास लागतोय, असं काहीबाही सांगायची तयारी करून तो आलेला असायचा. पण आक्कांना बिघाडात रस नव्हता. त्यांचा इलाज एकच होता. होतं ते सगळं पुसायचं आणि कोऱ्या डिस्कवर नवीन सिस्टीम टाकायची. त्यामुळं काय बिघडलंय याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं, काय वाचवायचं एवढंच त्यांना हवं असायचं.

"सगळंच ठेवायचं की आक्का."

"सगळं ठेवायचं तर माझ्याकडं कशाला आलात? न्या तसंच घरी."

मग तो स्टुलावर बसून आठवायला लागायचा. पोराची मार्कशीट. सातबारा. देवदर्शनाचे फोटो. वरवंडहून एक शेवंतीवाले शेतकरी आले होते, त्यांच्या लॅपटॉपात शेवंतीचेच शेकडो फोटो. मला तर सगळे एकसारखे दिसले. आक्कांनी एकेक उघडला आणि ते सांगत गेले, ही दसऱ्याची, ही दिवाळीची, हिच्यावर करपा आला होता, ही पुण्याच्या मार्केटला पहिल्यांदा गेली ती. दुपार गेली त्यात. ते गेल्यावर मी म्हटलं, "आक्का, एवढे कशाला ठेवले? फुलंच तर आहेत."

"त्यांनी ठेवा म्हणलं. का ठेवायचं ते आपुन इचारायचं न्हाई."

मी दौंडला आक्कांच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. कुरकुंभच्या एमआयडीसीत औषधाच्या कंपनीत केमिस्ट म्हणून लागले होते, आणि कवठे येमाईहून रोज येणं-जाणं शक्य नव्हतं. खोली मिळाल्याचं घरी फोन करून सांगितलं तेव्हा आईनं भाडं विचारायच्या आधी घर कुणाचं ते विचारलं. मी आक्कांचं आडनाव सांगितलं. आई म्हणाली, "सैपाक तुझा तूच करशील ना?"

आक्का रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेल्या. टायपिस्ट म्हणून लागल्या तेव्हा टाइपरायटर होते. पुढं कॉम्प्युटर आले तेव्हा ऑफिसातले निम्मे लोक त्या पेटीला हात लावायला घाबरायचे आणि आक्का मात्र जेवणाच्या सुट्टीत तिच्या समोर डबा उघडून बसायच्या. फंडाच्या पैशांत त्यांनी वस्तीत हे घर बांधलं. खाली दोन खोल्या, वर एक. पुढच्या खोलीत बाबासाहेबांचा मोठा फोटो, त्याच्या खाली बुद्धांची छोटी मूर्ती, आणि त्याच टेबलाच्या दुसऱ्या अंगाला कॉम्प्युटर. रविवारी सकाळी पांढरी साडी नेसून त्या विहारात जायच्या आणि तिथून आल्या की त्याच साडीत कामाला बसायच्या. कॉम्प्युटरचं काम त्या नेहमी धुतलेल्या कपड्यांतच करायच्या.

त्यांनी लग्न केलं होतं, आणि ते फार टिकलं नव्हतं. एकदा चहा पिताना मी धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "चालत न्हवतं. दोनदा रीस्टार्ट करून बघितलं." आणि बशीत चहा ओतून घेतला. विषय तिथंच मिटला.

कामाचे पैसे त्या घेत नसत. झाडाची फांदी आणा म्हणायच्या. त्यामुळं अंगणात तेलाचे डबे, फुटके माठ, जुनी बादली, मिळेल त्यात झाडं होती आणि प्रत्येक झाडाला गिऱ्हाइकाचं नाव होतं. सकाळी पाणी घालताना त्यांचं चालायचं, "पोस्टमास्तर, लई वाळलात. टेलरमामा, जरा सरका, गुरुजींना ऊन मिळंना." पहिल्या दिवशी ते ऐकून मला वाटलं अंगणात माणसं जमलीत. मी ओढणी सारखी करून खाली आले होते.

सगळ्या कामाचं मूळ म्हणजे त्यांची काळी एक्स्टर्नल डिस्क. तिच्यात नव्या सिस्टीमची अख्खी प्रत भरलेली असायची आणि कॉम्प्युटर स्वतःच्या पोटातल्या डिस्कवरून चालू व्हायच्या ऐवजी हिच्यावरून चालू व्हायचा. याला बूटेबल म्हणतात हे मला माहीत होतं, पण असं का करावं लागतं ते आक्कांनीच समजावलं. "घर पाडून बांधायचं तर घरात बसून पाडता येतं व्हय? भाईर उभं ऱ्हावं लागतं. ही डिस्क म्हंजी भाईरची जागा." पेनड्राइव्हवरही हेच काम होतं, पण पेनड्राइव्ह त्यांना आवडायचे नाहीत. एवढीशी वस्तू, धुण्यात जाते, म्हणायच्या. डिस्कला त्यांनी लोकरीचं टोपडं विणलं होतं, अगदी तान्ह्या बाळाचं असतं तसं.

काम सुरू झालं की पडद्यावर जी जी सूचना येईल ती त्या मोठ्यानं वाचायच्या. आधी इंग्रजीत, मग मराठीत, स्टेशनवर गाडी पुकारतात त्या चालीत. "या डिस्कवरील सर्व माहिती नष्ट होईल. आपण पुढे जाऊ इच्छिता काय?" मग मालकाकडं बघायच्या. त्यानं 'व्हय' म्हटल्याशिवाय बटण दाबायच्या नाहीत. एकानं नुसती मान हलवली तर त्याला म्हणाल्या, "तोंडानं बोला. मान कशीबी हलती." आणि मग फायली कॉपी व्हायला लागल्या की पडद्यावर भरतकामाचा रुमाल टाकायच्या. किती टक्के झालं हे बघत बसलेलं त्यांना आवडायचं नाही. "त्याला करू द्या की. कुणी टक लावून बघितलं तर तुमच्याच्यानं काम व्हतंय का?"

घाईचा त्यांना मनापासून राग. डिस्क पुसायची तर संगणकात दोन रीती असतात. एक झटपट, तिच्यात वरवर पुसल्यासारखं होतं आणि हुशार माणूस जुनं थोडंफार परत काढू शकतो. दुसरी सावकाश, तिच्यात कोपरान् कोपरा पुसला जातो. झटपटच्या चौकोनातली खूण त्या न चुकता काढायच्या. "पुसायचं तर पुसायचं. अर्धं पुसून कुणाला फसवता?"

त्यांच्या या स्वभावानंच पुढं घात केला.

माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न आमच्या दारात, कवठ्यालाच झालं. मांडवात सगळी धावपळ तात्यांची. तात्या म्हणजे वडलांचे थोरले भाऊ. आम्हाला लहानपणापासून धाक त्यांचाच आणि लाडही त्यांचाच. फोटोचं मात्र त्यांना वावडं. कॅमेरा दिसला की ते पाठ करून कुठंतरी कामाला निघून जायचे. त्या लग्नात नवरा-नवरीनं दोन्ही हात धरून त्यांना स्टेजवर चढवलं होतं आणि शिरूरच्या फोटोग्राफरनं तेवढ्यात त्यांना गाठलं होतं.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत तात्या गेले. रानात मोटर चालू करायला गेले ते परत आलेच नाहीत. त्या दुःखात अल्बमचे फोटो निवडायचं कुणाला सुचलं नाही. फोटोग्राफरनं सगळे फोटो आणि व्हिडिओ एका डिस्कमध्ये भरून दिले, ती डिस्क कपाटात पडली. काकीनं सांगून टाकलं, "वरीस झाल्याबिगर मी बघनार न्हाई. वर्षश्राद्ध झालं की मग समदे बसून बघू." तात्यांचा नीट म्हणावा असा एकही फोटो घरात नव्हता. आधारकार्डावरचा होता, त्यात ते कुणावर तरी चिडल्यासारखे दिसत होते.

वर्ष भरत आलं होतं. वडलांचा लॅपटॉप फार हळू झाला म्हणून मी तो दौंडला आणला आणि त्यातल्या गोष्टी उतरवून ठेवायला ती लग्नाची डिस्कही आणली. रविवार होता. आक्का विहारातून आल्या होत्या. सिस्टीमची नवी आवृत्ती त्यांनी आदल्या दिवशी उतरवून ठेवली होती आणि आपली डिस्क नव्यानं बूटेबल करायला घेतली होती. दोन्ही डिस्का मशीनला जोडलेल्या. दोन्ही काळ्या. काम करताना त्या टोपडं काढून ठेवायच्या, त्यामुळं ओळखायचं तर पडद्यावरच्या अक्षरावरूनच.

त्यांनी सूचना मोठ्यानं वाचली. सर्व माहिती नष्ट होईल. डिस्क त्यांचीच समजून त्यांनी स्वतःलाच 'व्हय' म्हटलं. झटपटची खूण काढली, बटण दाबलं, पडद्यावर रुमाल टाकला आणि आम्ही जेवायला बसलो. मेथीची भाजी होती.

जेवण उरकून, भांडी घासून, संध्याकाळी त्या आल्या आणि रुमाल उचलला. काम पूर्ण झालं होतं. त्यांनी आपली डिस्क काढायला हात घातला, आणि त्या थांबल्या. त्यांची डिस्क जशीच्या तशी होती, जुन्या आवृत्तीसकट. नवी सिस्टीम दुसऱ्या डिस्कवर गेली होती.

मला काही कळलं नव्हतं. मी विचारलं, "झालं का आक्का?"

त्या स्टुलावर बसल्या. ज्याच्यावर इतरांना बसवायच्या त्या स्टुलावर मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा बसलेलं बघितलं.

"पोरी," त्या म्हणाल्या, "तुझ्या भैनीचं लगीन मी पुसलं."

पुढचे काही दिवस त्यांनी माहिती परत मिळवायची जेवढी म्हणून साधनं होती ती सगळी चालवून बघितली. काहीही हाती लागलं नाही. झटपट पुसलं असतं तर बरंच परत आलं असतं, हे त्यांनीच मला सांगितलं, आवाज न बदलता. मग त्या माझ्याबरोबर शिरूरला फोटोग्राफरकडं आल्या. त्यानं त्याच्याकडची प्रत केव्हाच काढून टाकली होती, वर्षभर कोण ठेवतं. आक्कांचा चेहरा बघून त्याला वाईट वाटलं असावं. तो म्हणाला, "म्याडम, एवढं मनाला लावून घेऊ नका. डिस्क करप्ट झाली म्हणून सांगा. व्हत्यात डिस्का करप्ट. कोन काय म्हननार हाय?"

"डिस्कचा काय दोष?" आक्का म्हणाल्या, आणि बाहेर आल्या. स्टँडवर मला म्हणाल्या, "कवठ्याची गाडी कवा हाय? मी सांगनार. तू मधी बोलायचं न्हाई."

आमच्या ओट्यावर त्या उन्हातच उभ्या राहिल्या. वडील बसा बसा म्हणत होते. आईनं सतरंजी टाकली. आक्का बसल्या नाहीत. हातातली पिशवी पुढं धरून त्यांनी सगळं सांगितलं, दोन डिस्का कशा जोडल्या होत्या, त्यांनी नीट बघितलं कसं नाही. डिस्क करप्ट झाली असं मी सांगितलं असतं तर आमच्या घरात कुणाला कळलंही नसतं. वडील मान खाली घालून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "असुंद्या बाई. मुद्दाम कोन करतंय?"

काकी दारात उभी होती. ती आत निघून गेली.

आईनं चहा आणला. आम्हाला नेहमीच्या कपांत, आक्कांना स्टीलच्या पेल्यात. आक्कांनी तो पेला बघितला, मी बघितला, आईनंही आम्ही बघितलेलं बघितलं. आक्कांनी चहा पिऊन पेला खाली ठेवला आणि दाराकडं तोंड करून आवाज दिला.

"काकी, त्यात तुम्हाला काय बघायचं व्हतं?"

आतून काकीचा आवाज आला, "त्येंचं त्वांड. दुसरं काय बघनार?"

"बरं," आक्का म्हणाल्या, आणि निघाल्या.

त्यानंतर आक्का लग्न गोळा करायला निघाल्या. दुसरा शब्द नाही मला त्याला. लग्नाला आलेल्या प्रत्येकाच्या खिशात मोबाइल होता, म्हणजे लग्न थोडं थोडं सगळ्यांकडं होतं. वडलांकडून त्यांनी पाहुण्यांची गावं विचारून घेतली. मला सुट्टी असेल तेव्हा मी जायचे, नसेल तेव्हा त्या एकट्या. खांद्याला पिशवी, पिशवीत लॅपटॉप आणि टोपड्यातली डिस्क. वरवंडला मामांकडं, शिरूरला वडलांच्या मित्रांकडं, एसटीनं, जीपनं, एकदा तर उसाच्या ट्रॅक्टरवर पुढं बसून.

मोबाइल कुणी सहज देत नाही. आक्का तो मागायच्याही नाहीत. "तुम्हीच काढा, तुम्हीच बघा, मला फकस्त लग्नाचं द्या," म्हणायच्या. मग लोक फोटो शोधायला लागायचे आणि शोधता शोधता लग्नच आठवायचे. मांडवात कुणाचा पाय घसरला, मानपानावरून कोण रुसलं, बँडवाल्यांनी ऐनवेळी काय घोळ घातला. आमच्या मामी हसून हसून डोळे पुसायला लागल्या. आक्का त्या लग्नाला नव्हत्या, पण महिन्याभरात त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत झालं.

फक्त तात्या सापडेनात. लोकांनी फोटो काढले होते ते स्वतःचे. मागं कुठंतरी तात्यांची टोपी, तात्यांची पाठ, पंगतीत वाढणारा तात्यांचा हात. परतताना गाडीत आक्का म्हणाल्या, "तुमच्या तात्यांचे कान लई जमलेत. त्वांड एक न्हाई."

कासुर्डीला बहिणीच्या सासरी गेलो तेव्हा तिच्या सासऱ्यांनी विचारलं, "ह्या कोण तुमच्या?"

मी सांगणार तेवढ्यात आक्काच म्हणाल्या, "मी लगीन पुसलेली बाई."

सासरे मोठ्यानं हसले आणि त्यांना आत घेऊन गेले. त्यांच्याकडंही तात्या नव्हतेच, पण आचाऱ्याचं नाव तिथं निघालं. त्या लग्नातली वांग्याची भाजी कासुर्डीकरांच्या अजून तोंडात होती, आणि सासरे म्हणाले, तो आचारी आपल्या भाज्यांचं शूटिंग करून स्टेटसला टाकतो.

आचारी शिरूरचा. आम्ही गेलो तेव्हा त्याची बायको लसूण सोलत होती आणि तो एका बारशाच्या ऑर्डरचं बोलत होता. जुने व्हिडिओ त्यानं काढून टाकले नव्हते, धंद्याला लागतात म्हणून. आक्का त्याच्या शेजारी बसल्या. कढया, पातेली, फोडणीचा धूर, पुन्हा कढया. शेवटी आमच्या मांडवामागची चिंच दिसली आणि मी आक्कांचा हात धरला.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी आम्ही कवठ्याला गेलो. सकाळची वेळ होती, ओट्यावर ऊन यायचं होतं. आक्कांनी लॅपटॉप पाटावर ठेवला. काकीला बोलवावं लागलं. ती पदर डोक्यावरून पुढं ओढून, लांबच बसली.

पडद्यावर वांग्याच्या भाजीचं मोठं पातेलं आलं. आचाऱ्याचा आवाज, "हे बघा, आपल्या हातची भाजी." मग बाजूनं टोपीवाला माणूस आला, कॅमेऱ्याकडं पाठ करून. तात्या. आचाऱ्याला हळू आवाजात सांगत होते, पण शब्द न शब्द ऐकू येत होता.

"ए, पयलं एक ताट काढ. भात कमी घाल. गोड नको, तिला गोड चालत न्हाई. ती हिरव्या लुगड्यातली, आमच्या घरची. सकाळपास्नं चहावर हाय ती. तिला न्हेऊन दे, आन् मी धाडलं म्हनू नको. उगं लाजंल चारचौघांत."

मग त्यांना मोबाइल दिसला. ते वळले. तोंड भरून, थेट समोर बघत, हसत म्हणाले, "आरं, शूटिंग करतो व्हय रं?" आणि तिथं ते संपलं.

काकी पुढं सरकली होती. तिचा पदर मागं पडला होता, ते तिच्या ध्यानात नव्हतं.

"त्ये ताट ह्येंनी धाडलं व्हतं?"

ती पडद्याकडंच बघत होती.

"मला वाटलं थोरल्या सुनंनं धाडलं. वरीसभर तिला म्हनती मी, बाई, एवढ्या गडबडीत तू माझी याद ठिवलीस." तिनं मागं वळून बघितलं. तिची थोरली सून, आमची वहिनी, दारातून आत सरकली. वर्षभर तिनंही मान डोलावली होती.

"परत लावा," काकी म्हणाली.

आक्कांनी परत लावलं. काकीनं परत बघितलं, आणि या खेपेला तात्या हसले तेव्हा ती पडद्याला रागानं म्हणाली, "तवाच सांगायला काय झालं व्हतं?" आणि मग तिला रडू आलं, वर्षभरात आलं नव्हतं तसं, मोकळं. आई तिच्याजवळ गेली. वडील उठून गोठ्याकडं गेले.

आक्का तिथंच बसून राहिल्या. जरा वेळानं काकीनं तोंड पुसलं आणि त्यांच्याकडं बघितलं. आतापर्यंत ती आक्कांशी सरळ एक शब्द बोलली नव्हती.

"जेवलीस का गं?"

"न्हाई."

"मग उठ की. आत चल."

त्या दिवशी आक्का आमच्या स्वयंपाकघरात, काकीच्या शेजारी पाटावर जेवल्या. आईनं ताटं मांडली, सगळ्यांना सारखी.

हसऱ्या चेहऱ्यावर व्हिडिओ थांबवून आक्कांनी त्याचा फोटो काढून दिला. जरा धूसर आहे, मागं धूर दिसतो, पण आमच्या भिंतीवर तात्या आता तेच आहेत.

आक्कांनी त्या प्रसंगानंतर काम सोडलं नाही. सोडतील असं मला वाटलं होतं. फक्त मशीनला एका वेळी एकच डिस्क जोडायच्या, आणि दुसरी कुणी आणली असेल तर ती मालकाच्या हातात द्यायच्या, "धरून बसा" म्हणून. कुणी कारण विचारलं तर सगळी हकीगत सांगायच्या, काही न लपवता, स्वतःच्या नावानं. मला ताण यायचा ऐकताना, त्यांना नाही.

पुढं माझं लग्न झालं आणि मी शिरूरला राहायला आले. दौंडची वरची खोली सुटली. आक्कांचा फोन यायचा, पोस्टमास्तरांना फुलं आली, गुरुजींना कीड लागली. आता आक्का नाहीत. कधी कामानं दौंडला उतरले तर त्या गल्लीत पाय वळतोच. घरात त्यांची भाची राहते, अंगण तिनं चांगलं ठेवलंय. ती पाणी घालते, पण मुकाट्यानं.

मला आठवत राहतो तो आक्का जायच्या आधीचा एक दिवस. आक्का अंगणात शेवाळावरून घसरल्या आणि उजवा हात मोडला. मी काकीला फोनवर सहज सांगितलं. काकी सबंध जन्मात माहेर आणि सासर सोडून कुठं राहिली नव्हती. तिनं विचारलं, "तिचं कोन बघतंय?"

"भाची येते अधूनमधून."

"मला दौंडला सोड."

वडलांनी एकदा म्हणून बघितलं, वहिनी, तिथं तुम्हाला करमणार नाही. काकीनं लुगडी पिशवीत भरली, वर बाजरीचं पीठ ठेवलं. मी तिला शिरूरहून गाडीत बसवून स्वतः घेऊन गेले. आक्कांच्या दारात ती क्षणभर थांबली, चप्पल काढली, आणि आत जाऊन थेट चूल, म्हणजे गॅस, कसा पेटवतात ते विचारलं.

प्लास्टर निघाल्यावर तिला परत न्यायला मी गेले. दुपार उतरत होती. दोघी अंगणात झाडांमध्ये बसल्या होत्या, आक्का पायरीवर आणि काकी त्यांच्या मागं वरच्या पायरीवर, त्यांची वेणी घालत. आक्कांचे केस एवढे लांब आहेत हे मला इतकी वर्षं राहून माहीत नव्हतं, त्या कायम अंबाडा घालायच्या. काकी काहीतरी सांगत होती तात्यांचं, आणि आक्का हुं हुं करत होत्या.

"काकी, आवर. पाचची गाडी आहे," मी म्हटलं.

"आज न्हाई येत मी," काकी म्हणाली. "हिला वेनी घालाया येत न्हाई अजून."

"प्लास्टर तर निघालंय की!"

आक्का समोर बघत होत्या. उजवा हात मांडीवर होता आणि त्याच हातानं त्या तुळशीची वाळकी पानं खुडत होत्या, एकेक, सहज.

"दुखतंय अजून," त्या म्हणाल्या.

मी एकटीच स्टँडवर आले.